कर्नलसाहेबांचा चेहरा

धाकट्या लेकीच्या लग्नात हवालदार भगवान करांड्यांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या, त्याच वर्षी त्यांच्या खांद्याचं शेवटचं अपील सुनावणीला लागलं. बर्फात तोफ ओढताना निखळलेला उजवा खांदा पुन्हा कधी धड झाला नव्हता. सदऱ्याची बाहीसुद्धा पत्नी सुलभाबाईच चढवत. अपंगत्वाच्या पेन्शनीचा निकाल आता यंत्र देई. माणसाला परकं वाटू नये म्हणून ते त्याच्याच आठवणीतला आदराचा चेहरा घेऊन बोले.

पडदा उजळला. समोर कर्नल चिटणीस होते, त्याच बर्फात गाडले गेलेले.

"कसा आहेस, भगवान?"

करांड्यांचा उजवा हात ताडकन कपाळाशी गेला. खांद्यात आग उसळली, डोळे भरले, पण सलामी ढळली नाही.

"हात पूर्ण वर जातो," साहेब म्हणाले. "अपील नामंजूर."

बाहेर येऊन त्यांनी सगळं सांगितल्यावर सुलभाबाई कडाडल्या, "अहो, यंत्राला कसला सॅल्यूट ठोकलात? घरात घास तोंडापर्यंत जात नाही तुमचा!"

"साहेब होते गं. साहेबांसमोर हात खाली कसा ठेवू?"

तो हात नंतर कधीच उचलला गेला नाही. भगवान करांडे पुढच्या वर्षी बैलांच्या सणाला, बेंदराच्या दिवशी वारले.