अठ्ठ्याण्णवच्या जागी

तिसऱ्या दिवशीही बुडबुडा झाला नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या पाण्यात मिथेन वायूचे तीनशे रेणू सुटेसुटे फिरत राहिले.

म्हणजे चूक खरी होती, आणि तिचीच होती. पाणी या रेणूंना किती ओढून धरतं, तो आकडा. फाइलमध्ये अठ्ठ्याण्णव हवा होता. अकरा महिन्यांपूर्वी, पीएचडीचं काम करताना, तिने एकोणनव्वद टाकला होता. पाण्याची ओढ कमी पडली, आणि संगणकातले रेणू भराभर एकमेकांना बिलगले. इतक्या लवकर बुडबुडा होताना कुणी पाहिला नव्हता. त्यावर लेख झाला, गेल्या आठवड्यात एका शोधपत्रिकेने स्वीकारलाही. आईने तर शेजारीपाजारी सांगून टाकलं, "आमच्या पोरीने पाण्यातून हवा काढली!"

तिला रडूही येईना. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. ती उठली आणि दोन जिने चढून तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेली.

सर येत्या महिन्यात निवृत्त होणार होते. टेबलावर त्या लेखाची प्रत होती. प्रतीवर त्यांनी पेन्सिलीने कुठे कुठे 'छान' लिहिलं होतं.

तिने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"दुरुस्त करून चालवून पाहिलंस?"

"तीन दिवस झाले, सर. काहीच होत नाही. नुसते फिरताहेत."

सरांनी चष्मा काढला. "आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही. मला, आणि आता तुम्हाला."

तिला वाटलं, आता सर म्हणतील, जाऊ दे. आणि त्यांनी तसं म्हणावं असं आपल्याला मनापासून वाटतंय, हेही तिच्या ध्यानात आलं. इतकी ती थकली होती.

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत ते लिहू लागले. लेख मागे घेत आहोत. चूक नेमकी काय, ते तिला विचारून विचारून लिहिलं. खाली दोघांची नावं घातली, आधी स्वतःचं. पत्र त्या पत्रिकेला पाठवलं.

"वर्ष गेलं तुझं," ते म्हणाले.

"हो, सर."

ती जायला वळली.

"मीही एकदा असाच माझ्या सरांच्या दारापर्यंत आलो होतो," सर मागून म्हणाले. "तुझ्याएवढा होतो. असंच काहीतरी सांगायचं होतं. आत चार माणसं बसलेली दिसली. म्हटलं, नंतर सांगू."

ती थांबली. "मग?"

सर चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"मग ही खुर्ची मिळाली."