पाठमोरा

चिंधा गल्लीच्या कोपऱ्यावरून उलटा चालत येत होता. पाठ घराकडे, हातात डबा. वाटेतलं कुत्रंही मागे मागे सरकत होतं.

लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर होता. समोर सुंदरा मांडी घालून बसली होती, शेजारी तिची लेक जयश्री पाय पसरून. नीट दिसावं म्हणून भर दुपारी सुंदराने भेस्तानच्या त्या खोलीचं दार आणि खिडकी लावून घेतली होती.

ही जयश्रीची पहिली फिल्म. बाप पलसाण्याला मिलमध्ये कामावर निघाला तेव्हा तिने घरात बसूनच, उघड्या दारातून त्याला जाताना टिपलं होतं आणि कॉलेजात ते उलटं चालवून दाखवलं होतं. काळ गेलेल्या माणसाला परत आणतो, असं काहीसं ती तेव्हा बोलली होती. सरांनी पाठ थोपटली. शहाण्यांना काय, काहीही आवडतं. महिन्याभरापूर्वी चिंधा असाच डबा घेऊन गेला आणि मिलमध्येच वारला. त्याचं चालतं-फिरतं असं घरात एवढंच उरलं होतं.

"तुना बाप उलटा कसा ई ऱ्हायना वं?" सुंदराने विचारलं.

"माय, तशीच केली आहे ती."

"असा पायना कोन ऱ्हास, ठाऊक शे ना तुले?"

जयश्रीला ठाऊक होतं. गावी चिंचेखाली अनोळखी माणूस दिसला की लहानपणी ती आधी त्याच्या टाचा भुतासारख्या पुढे तर नाहीत ना, ते पाहायची.

"तो जित्ता व्हता," सुंदरा हळूच म्हणाली, "तवयच तू त्याना पाय उलटा करी टाकात."

जयश्रीच्या अंगावर काटा आला. असलं काही नसतं, हे तिला पुरतं माहीत होतं, तरी तिने घाईघाईने फिल्म सुलटी लावली.

आता चिंधा नीट चालला. दाराबाहेर पडला, गल्लीतून लहान लहान होत गेला, कोपऱ्यावर वळला. मागे रिकामी गल्ली राहिली. सुंदरा तिकडेच बघत बसली.

"आते कवय येस तो?"

जयश्रीने फिल्म थांबवली.

सुंदराने पदराने डोळे पुसले. "उलटाच लाव."

"माय, पण आताच तू..."

"उलटा तं उलटा. घर तं येस ना."

जयश्रीने लावली. कोपऱ्यावरून पाठ निघाली. कुत्रं मागे सरकलं. टाचा पुढे टाकत चिंधा गल्ली चढून आला, उंबऱ्याशी आला, आत आला. पाठ मोठी होत गेली, सगळा पडदा तिने भरून गेला. चेहरा एकदाही दिसला नाही.

सुंदरा जागची उठली आणि वाट देऊन भिंतीला टेकली.

जयश्रीनेही पसरलेले पाय पोटाशी घेतले.