वरची घडी

देवस्थळी सरांनी कथेची पानं हातात घेतली आणि सवयीप्रमाणे पहिला परिच्छेद मागे दुमडला. वाचनालयातल्या त्यांच्या कथालेखनाच्या वर्गात ही घडी सगळ्यांना ठाऊक होती. नवा लेखक सुरुवातीला नुसता घसा खाकरतो, खरी कथा घडीच्या खाली सुरू होते, असं ते म्हणायचे.

“तुमची कथा दवाखान्याच्या दारात सुरू होते, इंदुमतीबाई. वरचं सगळं काढा. नवरा-बायको मटार सोलतायत, तो अर्धे दाणे तोंडात टाकतोय, ती लटकं रागावतेय. पुढच्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही.”

इंदुमतीबाईंनी मान डोलावली. सरांनी पानं पुढे ठेवल्यावर त्यांनी पेन उघडलं, पण त्यांना काट मारवेना.

“सर, खालच्या सगळ्या पानांत ते आजारी आहेत, नाहीतर गेलेले आहेत,” त्या हळूच म्हणाल्या. “धडधाकट असे त्या वरच्या परिच्छेदातच आहेत.”

सरांनी घडी उलगडली आणि अंगठ्याने पुन्हा पुन्हा सपाट केली. मग त्याच परिच्छेदाच्या खालून कागद दुमडला. बाकीची पानं बाजूला ठेवली.

“मग कथा एवढीच. दवाखाना नको. घरी जाऊन हेच पुढे लिहा.”

“आणि शेवट कसा करू, सर?”

सरांनी घडी घातलेला कागद त्यांच्या हातात दिला.

“मटार संपू देऊ नका.”