दोन्ही सारखीच शांत

"वहिनी, दादाबरोबर दुकानात जाऊ नकोस, त्याचं काही लवकर ठरत नाही," असं नणंदेने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. शनिवारी नवऱ्याचा पहिला लाइव्ह कार्यक्रम. दिवसदिवस हेडफोन लावून लॅपटॉपवर बनवलेले ताल स्टेजवर चालू-बंद करायला त्याला बटणांचं पॅड हवं होतं. काउंटरवर दोन पॅड मांडलेली, आणि हा मघापासून एकदा हे दाबतोय, एकदा ते. लेक नुकतीच माझ्या खांद्यावर झोपलेली, त्यामुळे माझा जीव टांगणीला.

"साहेब, डावीकडचं नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "बटणं फार वाजतात. हळू गाणं असलं की लोकांना तीच ऐकू येतील."

नवऱ्याने वाकून डावीकडच्या पॅडची बटणं पुन्हा दाबून पाहिली. खट, खट, खट. प्रत्येक आवाजाला लेक दचकत होती. शेवटी तिने डोळे उघडले आणि ओठ काढले.

तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अगं, महागातलं गळ्यात मारायचंय त्याला. दोन्ही सारखीच शांत आहेत."


तुमच्या घरात कोणी दिवसभर हेडफोन लावून बसत असेल, तर आज हेडफोन काढल्यावर त्याला मागून हळूच एक हाक मारून बघा.