वाकड्या गळ्याची बरणी

भट्टीचं झाकण उघडायला स्टुडिओतली मदतनीस पूनम पुढे झाली, तशी उत्कर्षानं तिचा हात धरला.

"थांब जरा. आत अजून गरम असेल."

"ताई, कालपासून बंद आहे. गार पडलीय."

"तरी थांब."

गरम-बिरम काही नव्हतं. उत्कर्षालाच धीर नव्हता. भट्टीत केसरबाईंची बरणी होती, आणि ती केसरबाईंनी केलेली नव्हती.

केसरबाई समोरच स्टुलावर बसल्या होत्या, ठेवणीतलं इरकल नेसून. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांनी उभा जन्म टॉवेलच्या कडा शिवल्या. काम सुटल्यावर शेजारच्या शेडमधल्या या मातीकामाच्या स्टुडिओत पहिल्यांदा आल्या त्या उत्कर्षाला झापायला, आमच्या दारात चिखल का करता म्हणून. मग स्वतःच चिखलात बसल्या, आणि गल्लीतल्या निम्म्या बायांना घेऊन आल्या. सकाळी कुलूप त्याच काढत, ओल्या भांड्यांवरचं प्लास्टिक त्याच उचलून बघत. त्या नसत्या तर स्टुडिओ म्हणजे नुसतं पत्र्याचं छप्पर.

लोणच्याची ती बरणी जमवायला त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला. कितीदा तरी ती चाकावरच ढासळली. शेवटी उभी राहिली, पण गळा डावीकडे कललेला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ही भट्टीतनं धड निघाली तर ऱ्हाते. न्हाय निघाली तर चालली म्या वैरागला लेकाकडं. नातवंडं सांबाळीन, ह्यो उद्योग बास."

केसरबाई बोलल्या की बोलल्या. त्यात बदल नाही.

आणि ती बरणी उत्कर्षानं फोडली.

शनिवारी दुपारी सगळ्या पांगल्या. जाता जाता केसरबाई म्हणाल्या होत्या, "त्या फळीमागं पाल शिरलीया बग. झाडून घे की जरा." उत्कर्षानं झाडू घातला, फळीला धक्का लागला, आणि बरणी खाली! न भाजलेली माती ती, भुगाच झाला. फळीच्या काठावर काही ठेवू नका म्हणून उत्कर्षा रोज सगळ्यांवर ओरडायची. तरी बरणी काठावरच होती. पण आता ओरडणार कुणावर? तिनं स्वतःचंच कपाळ बडवून घेतलं.

फोन करून सांगावं का? तिनं फोन हातात घेतला, परत ठेवला. तुकडे गोळा करून पाण्याच्या बादलीत टाकले. कच्ची माती बघता बघता विरघळली. मग ती चाकासमोर जाऊन उभी राहिली.

उभीच राहिली बराच वेळ. गेल्या वर्षी पुण्याच्या प्रदर्शनासाठी केलेलं तिचं सगळं काम भट्टीत एकदम तडकलं होतं. तेव्हापासून तिनं चाकाला हात लावला नव्हता. शिकवायची ती नुसती तोंडानं, इथं दाबा, इथं सोडा. मागाच्या मोडक्या धोट्याच्या लाकडातून कोरलेला, भांड्यांवर उठवायचा तिचा चिमणीचा शिक्का खिळ्याला टांगून धूळ खात पडला होता. "ताई, एक तरी करून दाखवा की," म्हणून बायांनी किती गळ घातली, तिनं हसून टाळलं.

पण वैरागच्या एसटीत बसलेल्या केसरबाई डोळ्यांसमोर आल्या, आणि ती मुकाट चाकावर बसली.

पहिली बरणी कोसळली. दुसरी उभी राहिली, पण इतकी सरळ की बघणाऱ्याला संशयच यावा. केसरबाईंसारखं वाकडं करायचं म्हणजे काय खायचं काम आहे? तिला एकटीलाच हसू फुटलं. दिवस मावळता मावळता गळा बरोब्बर डावीकडे कलला. तिनं बरणी फळीवर ठेवली, वर प्लास्टिक घातलं, आणि नंतर त्या फळीकडे फिरकलीसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात पूनमनं सगळी भांडी भट्टीत रचली. भट्टी तापल्यावर उत्कर्षाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथं प्रत्येकीची एक खूण असते. माती पुरती वाळायच्या आत ती तळाला उठवायची असते. केसरबाई अंगठा दाबतात. नव्या बरणीला अंगठा कुठून येणार? आणि तापलेली भट्टी काही मधेच उघडता येत नाही. मेले, ती मनाशी म्हणाली.

"ताई, उघडू ना?" पूनमनं परत विचारलं.

"उघड बाई. काय व्हायचं ते होऊ दे."

बरणी बाहेर आली. तांबूस, अखंड, टिचकी मारली तर खणखणीत. केसरबाईंनी ती मांडीवर घेतली. सगळीकडून फिरवून पाहिली, कललेल्या गळ्यावरून हात फिरवला.

"झ्याक निघाली की!" केसरबाई म्हणाल्या. "न्हाय जात म्या वैरागला."

बायांनी एकच गलका केला. हुश्श! उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला. तिला तर रडूच यायला लागलं. ती पटकन तोंड फिरवून पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावणार, एवढ्यात केसरबाईंनी हाक मारली आणि बरणी उलटी करून तळ तिच्यासमोर धरला.

तळाला अंगठा नव्हता. चिमणी होती.

उत्कर्षानं खिळ्याकडे पाहिलं. शिक्का जागेवरच होता, पण त्याच्यावरची धूळ गेली होती.

"तुजी हाय, तू घरी ने," केसरबाई हळूच म्हणाल्या. "माजी म्या दुसरी करीन. पर आता रोज चाकावर बसायचं, सांगून ठिवते. परत मला बरणी फळीच्या काठावर ठिवायला लावू नगंस."