सत्तेचाळीस नंबरची रायफल

भंडाऱ्याच्या पोलीस मुख्यालयातल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आज कायमच्या मोडीत निघणार होत्या, म्हणून तिथेच शिपाई असलेल्या हर्षाने परवानगी काढून खात्यातूनच निवृत्त झालेल्या बाबांना शस्त्रागारात आणलं. सत्तेचाळीस नंबरची रायफल हातात येताच बाबांनी डोळे मिटून लाकडी दस्त्याला गाल लावला. “बाबा, नव्या हलक्या रायफली आल्या, तरी तुमी हे धूड काहून सोडलं नाही?” तिने विचारलं. “तुया आज्याची रायफल आहे हे. मी पाळण्यात होतो तवाच तो ड्यूटीवर वारला. त्याचा फोटोबी नाही घरी. पण नेम धरताना त्याचा गाल इथंच टेकत असन ना? तेवढीच बापाची भेट!” नोंदीसाठी रायफल मागणाऱ्या सहकाऱ्याला हर्षाने हातानेच थांबवलं, टोपी काढली आणि वाकून गाल दस्त्यावर ठेवला. लाकूड बाबांच्या गालाने अजून कोमट होतं.