मुलाचा थेंब

चहा झाला तशी मुलाच्या आईने पर्समधून तपासणीची काच काढली. रक्ताचा थेंब कसा पसरतो त्यावरून हृदयाची तब्येत कळायला लागल्यापासून पत्रिका कोण बघतं? मृण्मयीने बोट टोचलं. तिच्या रक्ताचा थेंब पुरीसारखा गोल पसरला आणि काच हिरवी झाली.

"आता यांचा," मृण्मयी म्हणाली.

"इश्श, मुलाचा कुठे बघतात?"

पण निनादने बोट पुढे केलं. त्याचा थेंब श्रीखंडासारखा जागीच बसून राहिला. काच लालभडक झाली.

"काचच बिघडली असेल," त्याची आई पुटपुटली.

"काच तीच आहे, काकू." मृण्मयीने गाडीची किल्ली उचलली. "चला दवाखान्यात. आधी हे जगू देत, मग होकार की नकार ते मी सांगते."